उद्घोषिकेची फौज

७ जानेवारी

उद्या आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमना हा खेळ समजावून सांगायचा आहे, म्हणून आधी इथे मांडून बघतो.

टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, तो मी. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. मी प्रसंग सांगतो: समोर गुहा आहे, आत उजेड दिसतोय, काय करता? ते सांगतात. जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. यात पट नसला तरी चालतं, बोलणं मात्र लागतंच. बोलल्याशिवाय या खेळात पान हलत नाही. वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं गेलेल्यांच्या, गटासाठी मी तो निवडला तो त्यामुळेच. कॉलेजात याच्यापायी मी एक वर्ष बुडवलं होतं, हे मॅडमना सांगणार नाही.

मंगळवारच्या गटात तिघं आहेत. शिंपीकाकांचं बोलणं नळ सोडल्यासारखं येतं, पण शब्द भलतेच. सुईला घोडा म्हणतात आणि घोड्याला रविवार. निवृत्त पोस्टमास्तरांना शब्द सापडायला वेळ लागतो, लिहिता बरं येतं. तिसऱ्या उद्घोषिका. रेल्वे स्टेशनवर वर्षानुवर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या. मागच्या वर्षी मेंदूत गुठळी झाली. समजतं सगळं. बोलता येतं ते एवढंच: हो, नाही आणि अहो.

‘अहो’ म्हणजे त्यांचे मिस्टर. पार्सल ऑफिसात कारकून होते. दर मंगळवारी बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. फार सहकार्य करतात.

२१ जानेवारी

प्रगती नाही. गुहेत शिरून दोन मंगळवार झाले आणि कोणीही आलं तरी तिघांचं उत्तर एकच: ‘मार.’ शिंपीकाका ‘शिव’ म्हणतात आणि बाई नुसतं ‘हो’, पण अर्थ तोच.

मॅडमनी बाईंची फाईल चाळून सांगितलं, “मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणी. तोवर स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य आलं नाही, तर बोलण्याचे उपचार थांबवू. चित्रपाटी देऊ.” चित्रपाटीवर पाणी, जेवण, दुखतंय अशी चित्रं असतात, बोट ठेवायचं की झालं.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मिस्टर म्हणाले, “पाटी कशाला मॅडम? मी आहे ना.”

घरी येताना सुचलं: एकट्याने लढायला ‘मार’ पुरतं, पण सैन्य चालवायला पुरत नाही. कोणी, कुठे, केव्हा, हे सगळं सांगावं लागतं. किल्ल्यावर शत्रू चालून येतोय, असं करू. फौज तिघांची. बाई किल्लेदार.

२८ जानेवारी

फजिती. हौसेने पुठ्ठ्याच्या सोंगट्या कापल्या होत्या, एक सोंगटी म्हणजे एक शिपाई. टेबलावर मुंग्यांचं वारूळ. प्रत्येकाच्या वारासाठी वेगळा फासा. तास संपला तेव्हा नदीकाठची पहिली चकमकसुद्धा पुरी झाली नव्हती. पोस्टमास्तर मेलेले मोजत बसले. शिंपीकाका घोरत होते. मी एकटाच लढत होतो, दोन्हीकडून.

ताईने रात्री विचारलं, “कशी झाली लढाई?” मी म्हटलं, “हूं.” ती म्हणाली, “दिवसभर लोकांना बोलायला शिकवतोस आणि घरी आलास की हूं आणि अंहं. तुझी पण एक पाटी करू या.”

३१ जानेवारी

नियम बदलले. एक सोंगटी म्हणजे शंभर माणसं. प्रत्येक टक्करीला दोन्ही बाजूंनी एकेकच फासा. शिपाई मोजायचे नाहीत, तुकडीचा धीर मोजायचा. धीर सुटला की तुकडी पळते, मग तिच्यात कितीही माणसं असोत. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: ज्या तुकडीला तोंडी आज्ञा मिळाली नाही ती आधीचंच करत राहते. चालत असेल तर चालत राहील, समोर कडा असला तरी.

मोठी लढाई चालवायची युक्ती बहुधा हीच आहे. सगळं दाखवायचं नाही. बाकीचा गलबला धुळीत सोडून द्यायचा आणि जिथे कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो तिथेच थांबायचं.

४ फेब्रुवारी

नियम चालले. शिंपीकाकांनी “रविवार सोडा, रविवार सोडा!” म्हणत घोडदळ सोडलं आणि शत्रूची बगल फोडली. पोस्टमास्तरांनी हेर पाठवला. ‘पूल’ हा शब्द काढायला त्यांना बराच वेळ लागला, आम्ही थांबलो, हेरही थांबला.

बाईंची पाळी आली की त्या तोंड उघडायच्या, आणि मिस्टर म्हणायचे, “तिला म्हणायचंय, पायदळ डावीकडे.” बाई त्यांच्याकडे बघायच्या, मग मान हलवायच्या. मिस्टरांचा अंदाज सहसा बरोबर असतो. खेळ भराभर पुढे सरकला.

मॅडम मध्येच आत येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. बाहेर मला म्हणाल्या, “पेशंट कोण, ते आधी कळेना. मला वाटलं, बोलतायत तेच.”

मिस्टर नेहमीच मदत करतात, असं मी सांगितलं. “तेच म्हणतेय मी,” म्हणाल्या आणि गेल्या. नक्की काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

११ फेब्रुवारी

एक व्यावहारिक अडचण सुटली. सूत्रधार आणि शत्रू ही दोन्ही कामं मला झेपत नव्हती, म्हणून शत्रूची फौज मिस्टरांना दिली. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. “मला कुठलं येतंय, सर,” म्हणाले. शेवटी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी.

पहिलीच आज्ञा बाईंची होती. तिरंदाजांना टेकडीवर न्यायचं होतं, ते त्यांच्या नजरेवरून दिसत होतं. तोंड उघडलं, मिटलं. पलीकडून मिस्टरांचे ओठ हलायला लागले. मी म्हटलं, “शत्रूने बोलायचं नाही.”

बाई लाल झाल्या. डोळे मिटले, पाठ ताठ केली, आणि खणखणीत, एकही अक्षर न अडखळता म्हणाल्या, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!”

शिंपीकाका असे हसले की त्यांचा चष्मा सोंगट्यांत पडला. बाईही हसल्या. आणि हसता हसता बोलत राहिल्या: “फलाट क्रमांक तीनवर… तीनवर…” पुढे थांबलं. पोस्टमास्तरांनी पेन काढलं आणि बाईंच्या सहा तुकड्यांवर एक ते सहा आकडे लिहिले. तिरंदाज तीन नंबर.

त्यानंतर तासभर आमची फौज अशी चालली: “क्रमांक तीन… येत आहे.” “क्रमांक पाच… उशिराने धावत आहे.” पाच नंबरची राखीव तुकडी खरंच मागेच थांबली. “क्रमांक एक… रद्द!” हे त्यांनी आघाडीला परत बोलावण्यासाठी म्हटलं आणि आघाडी परत आली.

लढाई जिंकली.

१२ फेब्रुवारी

कालच्या नोंदीत उत्साह जास्त झालाय. शांतपणे पाहिलं तर हे स्वयंचलित बोलणं आहे. हजारो वेळा म्हटलेली वाक्यं वाचाघातातही शाबूत राहतात. माणसं आकडे म्हणतात, गाणी म्हणतात, शिव्या देतात, पण ‘मला तहान लागलीय’ म्हणू शकत नाहीत. घोषणा म्हणजे त्यांची स्वतःची वाक्यं नव्हेत. फेरतपासणीत मी ती धरणार नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, “उशिराने धावत आहे, हे त्या फौजेला म्हणाल्या की पाठ केलेलं म्हणाल्या?” मी म्हटलं, ते तसं ठरवता येत नाही. “मग तू कसं ठरवलंस?” म्हणाली आणि इस्त्री करायला गेली.

१८ फेब्रुवारी

पुन्हा विजय. दोन लढाया, दोन विजय. गटाचा आत्मविश्वास वाढावा हा हेतू होता, तो साध्य होतोय.

मात्र मिस्टरांना युद्धातलं ओ की ठो कळत नाही. पूल मोकळा सोडला. धनुर्धाऱ्यांना दलदलीत उभं केलं. राखीव फौज होती, तिला शेवटपर्यंत हातच लावला नाही. बाईंची पायदळाची रांग मधोमध तुटली होती, तिथे नुसता धक्का दिला असता तरी आमची दाणादाण उडाली असती. त्यांनी त्या फटीकडे चांगलं निरखून पाहिलं आणि घोडदळ उलट्या दिशेला पाठवलं. कीव आली. पुढच्या वेळी त्यांना थोडं शिकवावं लागेल.

विजयानंतर पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी सोंगट्या गोळा करायलाही मदत केली नाही. मिस्टर कोट घालून देत होते, तर हात झटकला. थकवा असावा.

२५ फेब्रुवारी

बाई आल्या नाहीत. मिस्टरांचा फोन आला: “तिला यायचं नाहीये, सर. म्हणजे, तिला बरं नाही.”

फेरतपासणी सहा मार्चला आहे.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. कपाटावर, भांड्यांवर, स्विचवर त्यांनी नावं लिहून चिकटवली आहेत: साखर, दिवा, टॉवेल. अक्षर मिस्टरांचं, पार्सलवर पत्ता लिहावा तसं. पुस्तकांच्या फळीवर बुद्धिबळाचे दोन चषक होते, रेल्वे कर्मचारी स्पर्धेचे. ऑफिसने वाटले असावेत.

बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपलेल्या नव्हत्या.

मिस्टरांनी चहा केला. हळू आवाजात बोलत होते. “तिच्यापुढे कधी माझी मात्रा चालली नाही, सर. बाजारात, नातेवाइकांत, वादावादीत. तोंड उघडलं की मला पळता भुई थोडी. स्टेशनवर सगळे म्हणायचे, तुमच्या घरात दिवसभर घोषणा चालत असतील.” हसले. “आता मी तिला काही कमी पडू देत नाही. मागायच्या आत हातात देतो. जिंकली की बरं वाटेल, असं वाटलं होतं.”

मी म्हटलं, जिंकण्याचा परिणाम चांगलाच असतो.

“हो ना?” म्हणाले. मग गादीकडे बघून म्हणाले, “तिला वाटतंय, मंगळवारी येऊ या.”

गादीवरून आवाज आला, “नाही!” आणि थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या सुरात, “हो.”

होकार आणि नकार यांची गल्लत. नोंद घेतली.

४ मार्च

आज सविस्तर लिहितो, कारण उद्या अहवाल द्यायचा आहे.

फेरतपासणीआधीची शेवटची बैठक. म्हणून मी मुद्दाम मोठी लढाई मांडली होती: खिंड, मागे नदी, नदीवर एकच पूल. बाईंची फौज खिंडीतून पुढे, मिस्टरांची दोन्ही डोंगरांवर. बाईंना वरचढ ठरता येईल असं मी सगळं जुळवून ठेवलं होतं. पण खिंडीतून जाणारी फौज नेहमीच अडचणीत असते, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. शत्रू मिस्टर असल्याने त्याने काही बिघडणार नव्हतं.

तिसऱ्या फेरीत मिस्टरांनी डाव्या डोंगरावरची अख्खी फौज खाली उतरवली आणि लांब मैदानात नेऊन ठेवली. काही कारण नव्हतं. खिंड मोकळी. मी म्हटलं, “बाई, तुमची पाळी.”

बाईंनी तळहात त्या सोंगट्यांवर ठेवला. मिस्टरांच्या सोंगट्यांवर. नियमात बसत नाही, पण मी चालू दिलं.

“खोटं,” म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्याकडून मी पहिल्यांदा ऐकला.

मिस्टर म्हणाले, “अगं, मला जसं सुचलं तसं—”

“खोटं!” सोंगट्या त्यांनी उचलल्या आणि एकेक करून डाव्या डोंगरावर परत ठेवल्या. उजवा हात अजून थरथरतो, दोन पडल्या, पुन्हा ठेवल्या. मग मिस्टरांकडे बघत, एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलत म्हणाल्या, “मी… वेडी… नाही. खरं… खेळ.”

शिंपीकाका हळूच म्हणाले, “घोडा टोचला.” म्हणजे सुई. या वेळी शब्दाची निवड अगदीच वाईट नव्हती.

मिस्टर खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ बाईंकडे बघत राहिले. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पटावर वाकले आणि मला विचारलं, “सर, तिची चार नंबर दोनदा लढलीय. म्हणजे धीर निम्मा उरला ना?”

मी म्हटलं, हो.

“मग इथून,” म्हणाले, आणि दोन्ही डोंगरांवरून एकदम खाली आले.

त्यांना हे कुठून सुचलं, मला सांगता येत नाही. चार नंबरला त्यांनी हातही लावला नाही, फक्त तिच्या दोन्ही बाजूंना दाबत गेले. मग ती आपली आपणच फुटली. पळणाऱ्यांच्या लोंढ्यात मागची दोन नंबर अडकली. राखीव फौज त्यांनी आमच्या आणि पुलाच्या मध्ये आणून ठेवली, पण पूल अर्धाच अडवला. नंतर मी विचारलं, तर म्हणाले, “पुरा अडवला तर माणूस जिवावर उदार होतो. अर्धा ठेवला की पळतो.” मी दोन्हीकडची लढाई चालवत होतो तेव्हा असलं काही मला कधी सुचलं नव्हतं.

आमची फौज बुडत होती. मी खेळ थांबवणार होतो, कारण शेवटच्या बैठकीत पराभव होणं पेशंटच्या दृष्टीने बरं नव्हे. फासे उचलायला हात पुढे केला, तर बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली.

मग माघार सुरू झाली. जिंकताना तुकड्या सोडून दिल्या तरी चालतात, माघारीत प्रत्येकीला वेगळी आज्ञा लागते. नाहीतर नियमाप्रमाणे ती चालत राहते आणि मरते.

“सहा. पुलावर… जा.” “पाच, थांब. थांब! तू… मागे बघ.” “जखमी आधी.” पोस्टमास्तर विचारत होते, “कोण आधी?” आणि त्या ओरडत होत्या, “जखमी! जखमी आधी! मग… घोडे.” शिंपीकाकांनी न सांगता आपलं घोडदळ पिछाडीला आणून उभं केलं. एका आज्ञेला शब्द सापडेना, तेव्हा बाईंनी टेबलावर मूठ आपटली, आणि मिस्टर पलीकडून काही म्हणाले नाहीत. शत्रूने बोलायचं नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. शब्द आला: “वळ.”

सैन्याचा तिसरा हिस्सा पुलापलीकडे पोचला. किल्ला गेला. तास केव्हाच संपला होता, दारात पुढचा गट खोळंबला होता. बाईंचे केस सुटले होते, ब्लाउज घामाने भिजला होता.

मिस्टर पाणी प्यायला म्हणून गेले ते लवकर आलेच नाहीत. मी बघायला गेलो, तर जिन्यात उभे होते.

“किती महिन्यांनी शिवी खाल्ली, सर,” म्हणाले.

मी म्हटलं, “ती शिवी नव्हती. ‘खरं खेळ’ म्हणाल्या.”

“लग्नाच्या आधी ती मला अरेतुरे करायची. पार्सल ऑफिसच्या खिडकीत उभी राहून भांडायची.” त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. “तुम्हाला नाही कळायचं.”

५ मार्च

अहवाल लिहिला. ठळक मुद्दे:

उद्दिष्ट (विजय) साध्य झालं नाही. पेशंट प्रक्षुब्ध, सोंगट्या हाताळल्या, टेबल आपटलं, उपचारकाला चापट. पतीला उद्देशून आदरार्थी रूपाऐवजी एकेरी रूप वापरलं (‘खेळा’ऐवजी ‘खेळ’). सामाजिक भाषेवर काम करावं लागेल. घोषणांचा वापर जवळजवळ थांबला, कारण अज्ञात. नवी शब्दरचना आढळली, पण ती तणावाखाली असल्याने कितपत धरावी, याविषयी शंका.

नियमांच्या बाजूने एक: माघार हा मोठ्या लढाईचा सगळ्यात बोलका भाग असतो. हे पुढच्या गटासाठी लक्षात ठेवावं.

६ मार्च

फेरतपासणी. मॅडमनी अहवाल वाचला, चष्मा काढला, परत घातला, परत वाचला.

“तू त्या खोलीतच होतास ना?” त्यांनी विचारलं.

होतो म्हटलं.

“मग बरं,” म्हणाल्या. बाईंना आत बोलावलं. मिस्टरही उठले, तर बाईंनी बोटाने खुर्ची दाखवली आणि एकट्या आत आल्या. मॅडमनी चित्रपाटी समोर ठेवून विचारलं, “ही हवी का तुम्हाला?”

बाईंनी पाटी उलटसुलट करून पाहिली. पाण्याच्या पेल्याचं चित्र, ताटाचं चित्र, रडणारं तोंड. म्हणाल्या, “यात… ‘गप्प बस’… कुठे आहे?”

मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. मी इतकी वर्षं इथे आहे, त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. उपचार चालू राहतील.

घरी ताईला सगळं सांगितलं. सांगत होतो तेव्हा ती चहाचा कप घेऊन तशीच उभी होती. संपल्यावर म्हणाली, “आज एवढं बोललास तू. माझा तर चहा निवला.”

११ मार्च

नवी मोहीम. किल्ला परत घ्यायचा आहे.

बाई एकट्या आल्या. मी बाहेर जाऊन कॉरिडॉर पाहिला, जिनाही पाहिला. मिस्टर नव्हते. आजवर एकदाही चुकवलं नव्हतं त्यांनी, म्हणून चिंता वाटली.

“मिस्टर?”

“घरी.”

“बरे आहेत ना?”

“भांडण,” बाई म्हणाल्या आणि शब्द नीट बसला की नाही ते पाहत असल्यासारख्या क्षणभर थांबल्या. “आमचं… भांडण झालं.”

मी विचारलं, कशावरून.

“पडदे.” बोटं मोजायला लागल्या. “मग सासूबाई. मग… सगळं.”

“ते पण बोलले?”

“ओरडले!” डोळे चमकत होते. शिंपीकाका आणि पोस्टमास्तर एकमेकांकडे बघून हसत होते, का ते कळलं नाही. मला ही बाब गंभीर वाटली. एवढ्या ताणातून गेलेल्या दांपत्यात विसंवाद सुरू होणं हे चांगलं लक्षण नाही. मिटलं का, असं मी विचारलं.

“नाही. संध्याकाळी… पुढचं.”

मी कपाटातून कुटुंब-समुपदेशनाचं पत्रक काढून त्यांना दिलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, छान चौकोनी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलवून पाहिलं. डुगडुग थांबली होती.

शत्रूच्या बाजूला कोणी नव्हतं, म्हणून मी बसलो. चौथ्या फेरीत माझा धुव्वा उडाला.